शर्यतीपूर्वी पॅडॉकमध्ये घोडा कसा पारखावा?

महालक्ष्मी रेसकोर्सवर प्रत्येक शर्यतीआधी घोडे पॅडॉकमध्ये, म्हणजे प्रेक्षकांना पाहता यावेत अशा कठडा घातलेल्या जागेत, फिरवले जातात, तेव्हा बहुतेक प्रेक्षक रेसकार्डातील (शर्यतींच्या माहितीपत्रकातील) आकड्यांत गढलेले असतात. घोडा पारखण्याची खरी वेळ मात्र हीच असते.

प्रथम घोडा बाजूने जाताना दिसेल अशा ठिकाणी कठड्याशी उभे राहावे आणि पहिल्या फेरीत केवळ चाल पाहावी. मोकळ्या चालीच्या घोड्याचा मागचा पाय त्याच बाजूच्या पुढच्या पायाच्या ठशापलीकडे पडतो. पावले आखूड पडत असतील, तर अंग आखडल्याची शंका घ्यावी.

दुसऱ्या फेरीत अंगयष्टी पाहावी. पुठ्ठे व मांड्या भरलेल्या असाव्यात आणि शेवटच्या एकदोन बरगड्या पुसट दिसाव्यात. पोट सुटलेले असेल, तर घोडा अजून पुरता तयार नाही. कुशी फारच खपाटीला गेली असेल, तर मेहनत अति झाली असावी. खराऱ्याने थोडीफार चमक आणता येते, त्यामुळे नुसत्या तकाकीवर भाळू नये. पांढऱ्या-करड्या घोड्यांत तर ती नीट दिसतही नाही.

घामाबाबत सर्वाधिक गफलत होते. घोड्याच्या घामात साबणासारखे काम करणारे लॅथेरिन नावाचे प्रथिन असते, म्हणून लगाम घासतो त्या मानेवर आणि मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस येतो. मुंबईच्या दमट हवेत मान ओली होणे स्वाभाविक आहे. इतर घोडे कोरडे असताना एकाच्याच मांड्यांत फेस असेल, शिवाय तो शेपूट आपटत, डोळ्यांतले पांढरे दाखवत मोतद्दाराला (घोडा धरून चालवणाऱ्याला) ओढत असेल, तर त्याची ताकद तिथेच खर्ची पडत आहे. हजार मीटरच्या शर्यतीत हे एखादे वेळी खपून जाते, पण इंडियन डर्बीसारख्या २४०० मीटरच्या शर्यतीत महाग पडू शकते. तरीही काही घोडे नेहमीच असे तापट असतात आणि तसेच जिंकतातही. म्हणून प्रत्येक वेळी रेसकार्डाच्या समासात दोन शब्द टिपावेत आणि घोड्याची तुलना शेजारच्याशी न करता त्याच्याच मागच्या खेपेशी करावी.

शेवटी जॉकी स्वार झाल्यावर घोडा स्टार्टकडे कसा जातो ते दुर्बिणीतून पाहावे. मान किंचित वाकवून, कान टवकारून, लयीत कँटर (मध्यम वेगाची दौड) करणारा घोडा जॉकीच्या हातात असतो. डोके वर फेकत लगामाशी झगडणाऱ्याबद्दल तसे म्हणता येत नाही.