ईईजी शिकताय? आधी टेप हातात घ्या

ईईजीच्या, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज टिपण्याच्या, कामाला नवी पोरं आली की सगळ्यांचे डोळे स्क्रीनवर. मी आधी हातात टेप देतो. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत मोजा. ३६ सेंमी भरलं, तर पहिली खूण ३.६ वर आणि तिथून पुढं दर ७.२ वर. आधी दहा टक्के, मग वीस-वीस टक्के; दहा-वीस पद्धत ती हीच. खुणांच्या नावांत डावीकडे विषम आकडे, उजवीकडे सम. अंदाजानं इलेक्ट्रोड (तारांच्या टोकाच्या चकत्या) चिकटवले की दोन्ही बाजूंची तुलनाच फसते.

डोक्याच्या कातडीवर मिळणारा सिग्नल साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा, म्हणजे अगदी क्षीण, त्यात तेल आडवं येतं. म्हणून तारीख देतानाच सांगायचं: शाम्पूनं डोकं धुवा, तेल लावू नका. तरी बीड-परभणीकडून पहाटेच्या एसटीनं आलेल्या माउलीनं लेकराला चापूनचोपून तेल लावलेलं असतंच. चिडू नका. भांग पाडा, जेलनं घासा, इम्पीडन्स (कातडी आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा) ५ किलोओमच्या खाली आणा. ‘शॉक तर नाही ना देणार?’ हा प्रश्न ठरलेला. मशीन वीज देत नाही, फक्त टिपतं, हे आधीच सांगून टाका.

मे महिन्यात आपल्याकडे घामानं रेषा संथ डोलायला लागते आणि नवखा तिला डेल्टा, म्हणजे मेंदूची संथ लहर, समजतो. जवळच्या कूलरच्या विजेची ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० वेळा) खरखर वेगळीच.

डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात ८ ते १३ हर्ट्झची अल्फा लय उमटते, उघडले की विरते. जर्मनीतल्या हान्स बर्गरनं १९२९ साली हेच छापलं होतं. आजही पहिल्यांदा बघताना भारी वाटतं.

‘वर्गात टक लावून बसतो’ म्हणून, म्हणजे फिटच्या शंकेनं, आणलेल्या पोराला डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतात. लहानग्याला भिंगरी फुंकायला द्या. सेकंदाला तीनच्या लयीत स्पाइक-वेव्ह (टोकदार उसळी आणि मागोमाग संथ लाट) सुरू झाल्या की लगेच ‘पेरू’ म्हणा. थांबल्यावर विचारा, काय म्हणालो? आठवत नसेल तर तेवढा वेळ भान नव्हतं; ग्राफवर तशी नोंद करा. डॉक्टरला नुसत्या रेषांपेक्षा ही नोंद जास्त कामाची.

शिक्षणाचं म्हणाल तर बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेत याचा अभ्यासक्रम आहे.

बाहेर पडताना नातेवाईक विचारतात, ‘काय निघालं?’ निदान सांगणं आपलं काम नाही. पण फिट येणाऱ्याचाही ग्राफ नॉर्मल निघू शकतो, तेवढ्यावर गोळ्या बंद करणारे पुष्कळ. म्हणून एवढं जरूर सांगा: डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.