जाहिरातीआधी विक्रेत्याला काय विचारतो

घरविक्रीच्या कामात सगळ्यात जास्त त्रास व्हायचा तो उशिरा कळणाऱ्या गोष्टींचा. ग्राहक तयार, किंमत ठरलेली, आणि मग समजायचं की कर्ज अजून फिटलेलं नाही, किंवा मालकीत भावाचंही नाव आहे.

म्हणून जाहिरात देण्याआधीच विक्रेत्याला लेखी प्रश्नावली द्यायला लागलो. ती घरी निवांत भरायची. समोर बसून विचारलं की "सगळं ठीक आहे" एवढंच ऐकू येतं. कागद हातात असला की जुनी बिलं शोधली जातात, घरातली माणसं एकमेकांना विचारतात.

खरी मेख प्रश्न कसा विचारता यात आहे. "गळती आहे का?" म्हटलं की उत्तर 'नाही'. "छताचं, नळांचं शेवटचं काम कधी केलं आणि कशासाठी?" असं विचारलं की ओल, फुटलेला पाइप, दोनदा बदललेल्या फरश्या सगळं बाहेर येतं. वाढवलेली खोली असेल तर परवानगीचा कागद मागतोच. क्षेत्रफळ तोंडी घेत नाही. कागदावरचा आकडा आणि टेपने मोजलेला, दोन्ही लिहितो. पंखे, एसी, कपाटं यातलं काय घरासोबत राहणार, तेही. शेवटी तारीख आणि सही.

दोष सांगितला तर किंमत पडेल, ही विक्रेत्यांची भीती मला समजते. पण आधी सांगितलेल्या दोषासकट किंमत ठरते. नंतर निघालेला दोष मात्र ग्राहकाला बाकीच्या प्रत्येक गोष्टीबद्दल शंका घ्यायला लावतो. मालकीची कागदपत्रं तर वकिलाने पाहिल्याशिवाय मी जाहिरात देतच नाही.