बुक्की हातानं नाय, टाचेनं मारायची

कॉलेजात असताना रागात लोखंडी कपाटावर बुक्की हाणली होती, कपाटाला पोचा पण नाय आणि माझं करंगळीच्या मागचं हाड मोडलं. मिरजेच्या डॉक्टरांनी एक्सरे बघितला आणि विचारलं, "भिंत का कुणाचं डोकं?" याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात, पण होतं ते जास्त करून बॉक्सिंग न शिकलेल्यांनाच.

पुढं कराटे शिकलो, आता संध्याकाळी सांगलीत पोरांना शिकवतो. नवीन पोरगं आलं की तेच, मूठ आधीपासनंच आवळलेली, खांदा कानाला टेकलेला, दात-ओठ खाल्लेले आणि पाय मात्र जागच्या जागी. अरे दंडाचा पुढचा स्नायू हात दुमडायला बघतोय, मागचा सरळ करायला, दोन्ही एकदम ताणलेस तर हात सुटणार कसा?

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजवाल्यांनी 2012 ला कराटेचे 12 ब्लॅक बेल्ट आणि तसेच फिट पण कराटे न येणारे 12 जण घेतले, फक्त 5 सेंटीमीटरवरनं बुक्की मारायला लावली. ब्लॅक बेल्टवाल्यांची जोरात बसली, पण स्नायूंच्या ताकदीमुळं नाय, खांदा आणि मनगटाचा स्पीड नेमका जुळल्यामुळं. मेंदूतल्या वायरिंगमध्ये पण फरक दिसला. म्हणजे नुसते डंबेल्स मारून हे येत नाय भावा.

कृष्णेच्या घाटावर धुणं आपटणारी बाई बघ. हात सैल, कंबर फिरते, पिळा डोक्यावरनं येतो आणि दगडाला लागताना तेवढी पकड घट्ट. आपल्याला हेच पाहिजे.

उजव्या हाताच्या माणसानं डावा पाय पुढं ठेवायचा, गुडघे जरा सैल, उजवी टाच किंचित उचललेली. चवड्यावर जोर देऊन टाच बाहेर फिरव, मग कंबर, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी. पहिले आठ-दहा दिवस मूठ वळूच नकोस, हात लोंबता सोड आणि नुसती कंबर फिरवून तो आपोआप पुढं फेकला जातोय का बघ, घरचे हसतील, हसू देत. जमलं की मूठ, ती पण लागायच्या क्षणाला आवळायची. तर्जनी आणि मधल्या बोटाची गाठ लागली पाहिजे, मनगट कोपरापासनं सरळ रेषेत, जरा जरी वाकलं तरी मुरगळणार.

पोतं घरी करायचं तर जुने कपडे ठासून भर, वाळू नको, ती खाली बसून दगड होते. हाताला पट्टी बांध. बुक्की मारल्यावर पोतं झोका घेत लांब गेलं तर तू ढकललंस, जागेवर दणका बसून मधे दुमडलं तर बरोबर. एका बाजूनं वीस मार, मग पाय बदल, आणि दमल्यावर टाच फिरायची बंद झाली की त्या दिवशी तिथंच थांब.