सी ड्राइव्ह भरलाय? आधी काही पुसू नका

'धिस पीसी'मध्ये (पूर्वीचं 'माय कॉम्प्युटर') सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की दोन सल्ले ठरलेले. दुकानात नेलं की "फॉर्मॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा." आणि घरातल्या कॉलेजकुमाराला विचारलं की "फुकटचा क्लीनर टाकून द्या." फॉर्मॅटनं जागा होते खरी, पण वीस वर्षांचे फोटोही जातात. क्लीनर चार फुटकळ फाइली काढतो आणि मग स्वतःच मुक्काम ठोकून रोज खिडक्या उघडत बसतो. रजिस्ट्री (विंडोजची अंतर्गत नोंदवही) साफ केल्यानं जागा होत नाही. डीफ्रॅगनं, म्हणजे डिस्कवरचे फाइलींचे तुकडे जुळवून घेतल्यानंही नाही. हे सगळं सोडा.

पहिलं काम म्हणजे जागा कोणी खाल्लीय ते बघणं. विझट्री नावाचं छोटं सॉफ्टवेअर उतरवा, त्यावर राइट क्लिक करून 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' म्हणा आणि सी ड्राइव्ह निवडा. सगळ्यात जाडजूड फोल्डर वर, बारके खाली. इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगरातल्या नात्यागोत्यातल्या घरांमधून मी ही यादी उघडतो तेव्हा विंडोज क्वचितच गुन्हेगार निघतं. निघतात ते 'मोबाइल बॅकअप', 'मोबाइल बॅकअप नवा' आणि 'दादाचा फोन' हे तीन फोल्डर, आणि तिन्हींत तीच मुंज, तेच केळवण, तेच सराफ्यातले भुट्ट्याच्या किसाचे फोटो.

सोपा भाग उरकून घ्या. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. तिथे टिक करून काढून टाका; फक्त 'डाउनलोड्स'समोर टिक असेल तर आधी ती काढा, कारण लाइट बिलापासून मार्कशीटपर्यंत सगळं तिथंच पडलेलं असतं. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसलं आणि नवं विंडोज नीट चालत असेल, तर तेही जाऊ द्या. एरवी १० दिवसांनी ते आपोआप जातंच. ठेवण्याचा उपयोग फक्त जुन्यावर परतायचं असेल तरच. नको असलेले प्रोग्राम 'अॅप्स'मधून अनइन्स्टॉल करा, त्यांचे फोल्डर हातानं उडवू नका. रिसायकल बिन रिकामं करा.

डेस्कटॉप मशीन असेल तर हायबरनेशनची (मशीन झोपवताना चालू काम साठवून ठेवणारी) फाइलही काढता येते. ८ जीबी रॅमवर ती साधारण ३ जीबी अडवते. ही आज्ञा मला फोनवरच सांगावी लागते, म्हणून तशीच लिहितो: कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, 'पॉवर'चं इंग्रजी स्पेलिंग, त्याला जोडून सी-एफ-जी, मग स्पेस, पुढे झुकलेला स्लॅश, त्याला लागून एच, स्पेस, ऑफ, एंटर. यानं 'फास्ट स्टार्टअप'ही बंद होतं, त्यामुळे जुन्या हार्ड डिस्कवर मशीन सुरू व्हायला जरा जास्त वेळ घेईल. चहा ठेवा तोवर.

आता खरी मेख. आपल्याकडे जुळणी केलेल्या मशीनमध्ये सी शंभरेक जीबीचा आणि उरलेली डिस्क डी, ई, एफमध्ये वाटलेली असते. सी गच्च, डी रिकामा. मग फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं डीवर हलवायची, एवढंच. पण या 'एवढंच'नं मला पुरता घाम फोडला आहे, म्हणून इथे घाई करू नका.

सगळं कट करून डीवर पेस्ट करणं हा उपाय नव्हे. फाइली जातील, पण विंडोजच्या लेखी 'पिक्चर्स' अजून सीवरच असेल आणि उद्यापासून नवे फोटो पुन्हा तिथंच साठतील. फोल्डरचा पत्ताच बदलावा लागतो. सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, असं आत जा. 'पिक्चर्स'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'लोकेशन' हा टॅब, त्यात 'मूव्ह'. टॅब दिसत नसेल तर तुम्ही कुठल्या तरी शॉर्टकटवर किंवा साध्या फोल्डरवर क्लिक केलंय.

'मूव्ह' दाबण्याआधी डीवर एक मोठा फोल्डर करा आणि त्याच्या पोटात प्रत्येकासाठी वेगळा: डॉक्युमेंट्सचा वेगळा, पिक्चर्सचा वेगळा, व्हिडिओचा वेगळा. नावं इंग्रजी अक्षरांत द्या. काही जुनी सॉफ्टवेअर देवनागरी नावावर अडून बसतात. हे वेगळे फोल्डर का, तर लोक दोन हमखास घोळ घालतात.

पहिला घोळ: फोल्डर न करता नुसता डी ड्राइव्हच निवडणं. मग अख्खा डीच 'डॉक्युमेंट्स' होऊन बसतो. गाणी, सिनेमे, टॅलीचा डेटा, सगळं डॉक्युमेंट्सच्या पोटात. नात्यातल्या एका काकूंकडे हे झालं, तेव्हा त्यांचा फोन: "अरे, माझा डी ड्राइव्हच गेला रे!" गेला नव्हता, त्याला दुसरं नाव चिकटलं होतं. अशा वेळी त्याच टॅबमध्ये 'रिस्टोर डीफॉल्ट' दाबा, पण 'फाइली हलवू का?' या प्रश्नाला 'नो' म्हणा. 'येस' म्हणाल तर विंडोज अख्खा डी उचलून आधीच भरलेल्या सीवर आणायला निघेल.

दुसरा घोळ याहून वाईट: डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स, दोन्हींना एकच फोल्डर देणं. दोन्ही एकजीव होतात आणि नंतर वेगळे करायला गेलं की 'याच जागी दुसरा फोल्डर आहे' म्हणून विंडोज हात वर करतं. मग रजिस्ट्रीत शिरल्यावाचून सुटका नाही, आणि तिथे नवख्यानं शिरू नये हे माझं ठाम मत.

वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइली साठवायची सोय) चालू असेल तर आणखी एक भानगड. त्याचा बॅकअप सुरू असला की डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स आधीच त्याच्या ताब्यात असतात आणि 'मूव्ह' चालत नाही. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून बॅकअप आधी थांबवा. थांबवल्यावर डॉक्युमेंट्स रिकामं दिसलं तर छातीत धस्स होऊ देऊ नका. फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात, तिथून उचलून आणा. वनड्राइव्हवर फुकट जागा मिळते ती ५ जीबी. तेवढ्यात घरातल्या एका लग्नाचा व्हिडिओही मावत नाही.

आणि यूपीएस मेलेला असेल तर हे काम आभाळ भरून आल्यावर काढू नका. मध्येच लाइट गेली की निम्मे फोटो सीवर, निम्मे डीवर, आणि कुठले कुठे ते शोधत बसा. हलवण्याआधी महत्त्वाचं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या. तसंही ते करायलाच हवं: सी आणि डी ही बहुतेक घरांत एकाच डिस्कची दोन दालनं असतात, डिस्क गेली की दोन्ही जातात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर जागेचा विचार सोडा, आधी कॉपी काढा.

दोन गोष्टींना हात लावू नका. विंडोजच्या आतला 'विन-एसएक्सएस' फोल्डर कितीही मोठा दिसो, तो हातानं पुसायचा नाही. त्यातल्या बऱ्याच फाइली दोनदा मोजल्या जातात, म्हणून तो असतो त्याहून फुगलेला दिसतो. दुसरी गोष्ट म्हणजे फॉन्ट. मंडळाच्या गणेशोत्सवाची स्मरणिका ज्या मशीनवर लागायची, तिथे कृतीदेव, श्रीलिपी असे जुने फॉन्ट असतातच. "हे काय शंभर फॉन्ट" म्हणून कोणी ते उडवतं, आणि मग सगळ्या जुन्या स्मरणिका उघडल्या की नुसतं गिचमिड. युनिकोडच्या आधीचं मराठी त्या फॉन्टशिवाय वाचताच येत नाही, आणि ते उडवून वाचणारी जागा अगदी नगण्य.

एवढं झाल्यावर सीवर २० ते २५ जीबी मोकळी राहिली तर बस. त्याहून कमी ठेवलीत तर विंडोजचा पुढचा मोठा अपडेट अडू शकतो. तीन-तीनदा साठलेले ते जुने फोटो डीवर गेल्यावर सावकाश चाळा, एका वेळी एक फोल्डर.