येत होतं, पण सुचलं नाही: शिकलेलं नव्या जागी वापरताना या चुका टाळा

पेपर देऊन बाहेर पडल्यावर मित्र उत्तर सांगतो आणि आपण कपाळाला हात लावतो, "अरे, हे तर येत होतं मला!" ते खरंच येत असतं, फक्त सुचलेलं नसतं. येणं वेगळं आणि सुचणं वेगळं, पण आपला जवळजवळ सगळा सराव येण्यासाठीच चाललेला असतो. एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी कामी येणं, ज्याला शिक्षणशास्त्रात अध्ययनाचं संक्रमण म्हणतात, ते बहुतेक वेळा या सुचण्यापाशीच अडतं.

सराव नेहमी धुतल्यापुसल्या उदाहरणांवर

मी ऑफिसात काम करणाऱ्यांना एक्सेल शिकवतो. व्ही-लुकअपचा, म्हणजे एका यादीतली नोंद दुसऱ्या यादीत शोधून तिची माहिती आणणाऱ्या फॉर्म्युल्याचा वर्ग छान होतो, सगळ्यांची उत्तरं बरोबर येतात. आठवड्याने फोन येतो, "सर, आमच्या फाइलवर हा फॉर्म्युला चालतच नाही." फाइल मागवून बघावी तर फॉर्म्युला अचूक. एका यादीतले कर्मचारी क्रमांक सेलच्या उजव्या कडेला टेकलेले, दुसऱ्या यादीतले डाव्या. म्हणजे दुसरीकडे ते मजकूर म्हणून साठवलेले आहेत, आणि एक्सेलच्या लेखी १०४५ हा आकडा आणि १०४५ हा मजकूर एक नव्हे. कधी नावानंतर एक स्पेस राहून गेलेली असते, ती तर डोळ्यांना दिसतही नाही. माणूस तासभर फॉर्म्युलाच तपासत बसतो. आधी याद्या बघाव्यात हे त्याला सुचत नाही, आणि सुचणार तरी कसं? वर्गात मी दिलेली प्रत्येक फाइल स्वच्छ होती.

आता मी दुसऱ्याच दिवशी बिघडवलेली फाइल देतो, शक्यतो त्यांच्या रोजच्या कामासारखी. फॉर्म्युला लिहिण्याआधी दोन्ही याद्यांत काय खटकतंय ते बोलून दाखवायला लावतो. वर्ग लांबतो, काहींची चिडचिडही होते. फोन मात्र कमी झाले आहेत.

एकच उदाहरण देऊन पुढे जाणं

मेरी गिक आणि कीथ होलिओक या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली एका प्रयोगात एक कोडं वापरलं. पोटात गाठ आहे. किरणांचा जोर वाढवला तर वाटेतला निरोगी भागही जळतो, कमी ठेवला तर गाठ नष्ट होत नाही. काय करावं? उत्तर असं: अनेक दिशांनी सौम्य किरण सोडायचे, ते गाठीवर एकवटतील. काहींना आधी एका सेनापतीची गोष्ट वाचायला दिली होती. किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटांवर मोठं सैन्य गेलं तरच फुटणारे सुरुंग आहेत, म्हणून तो सैन्याच्या तुकड्या करून सगळ्या वाटांनी पाठवतो. तोडगा तोच! तरीही सुमारे ३० टक्के लोकांनाच तो आपणहून सुचला. "मघाची गोष्ट उपयोगी पडेल," एवढं सांगितल्यावर हे प्रमाण ७५ टक्क्यांच्या आसपास गेलं.

प्रत्यक्ष कामात अशी खूण द्यायला कोणी नसतं. म्हणून वरून निराळी दिसणारी दोन उदाहरणं शेजारी ठेवा आणि दोन्हींत सारखं काय आहे ते शिकणाऱ्यालाच शोधू द्या. याच दोघांच्या १९८३ च्या कामात अशा तुलनेचा फायदा दिसला. मला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय वाटतो.

धड्याप्रमाणे गणितं सोडवणं

धड्याचं नावच सांगतं की कोणतं सूत्र लावायचं. मग ओळखायचं उरलं काय? रोहरर आणि टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात चार प्रकारच्या घनाकृतींचं घनफळ शिकवलं होतं. एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्यांना सरावात ८९ टक्के गुण मिळाले, सरमिसळ सोडवणाऱ्यांना ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर घसरले, सरमिसळवाले ६३ वर होते. वहीत लाल खुणा वाढल्या म्हणून सरमिसळ सोडू नका.

स्मरणशक्तीच वाढेल या आशेने खेळ खेळणं

एरिक्सन, चेस आणि फॅलून यांनी १९८० साली एका विद्यार्थ्याबद्दल लिहिलं. ऐकलेले आकडे ओळीने म्हणून दाखवण्याचा सराव त्याने दीड वर्षाहून अधिक काळ केला आणि तो ७ आकड्यांवरून ७९ वर पोचला. तो धावपटू होता. ३४९२ ऐकलं की त्याच्या मनात "३ मिनिटं ४९.२ सेकंद, मैलाच्या विश्वविक्रमाजवळची वेळ" अशी नोंद व्हायची. त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली तेव्हा तो पुन्हा सहाच्या आसपास आला. स्मरणशक्ती वाढलीच नव्हती, तयार झाली होती ती आकडे बांधायची युक्ती. तेव्हा जे काम सुधारायचं आहे, सराव त्याचाच करा.

जुनी सवय आडवी येईल हे न धरणं

क्लचची गाडी चालवणारा माणूस ऑटोमॅटिक गाडीत बसतो आणि गाडी थांबवताना त्याचा डावा पाय सवयीने क्लच शोधतो. तिथे रुंद ब्रेक असतो. पाय पूर्ण जोराने पडतो आणि गाडी जागच्या जागी थांबते, मागच्या गाडीचं काय होईल ते होईल. इथे जितका सराव जास्त तितका धोका जास्त. पहिले काही दिवस डावा पाय सीटकडे ओढून ठेवा आणि रिकाम्या मैदानात थांबण्याचाच सराव करा.