निवृत्तीनंतर झाडं लावताय? या चुका टाळा

नोकरी संपली की उत्साहाच्या भरात माणूस तीन-चार गटांत नाव घालून बसतो. नदीकाठची सफाई, लागवड, रोपवाटिका, सगळीकडे हजर. मग गुडघे कुरकुरतात आणि सगळंच सुटतं. एकच गट, आठवड्यातून एक सकाळ पुरे. खणणं झेपत नसेल तर बिया निवडा, पिशव्या भरा, नोंदी ठेवा. या कामांना माणसं मिळत नाहीत. आणि हो, साहेबपण घरी ठेवून जा. तण ओळखण्यात तिथली पंचविशीतली पोरं तुमच्या पुढे असतात.

ओळखीचं झाड देशी असतंच असं नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, घाणेरी अमेरिका खंडातली. रोप घेण्याआधी विचारून घ्या. गवताळ माळ रिकामा दिसतो म्हणून तिथे झाडं लावू नका, गवतावर जगणाऱ्या पक्ष्यांचं घर त्याने मोडतं.

बरीच रोपं मरतात ती लावतानाच्या घाईमुळे. पिशवी फाडल्यावर मुळांची वेटोळी दिसली तर ती बोटांनी सोडवा, कडक झालेली कापा. तशीच पुरली तर ती वाढत्या झाडालाच आवळतात. खोड मुळांना मिळतं ती जागा जमिनीच्या पातळीला यायला हवी. ती मातीत गाडली की साल कुजते. पालापाचोळ्याचं आच्छादनही खोडाला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा.

पाण्याचं गणित तर हमखास चुकतं. देशी झाडाला पाणी लागत नाही हा गैरसमज. पहिली दोन-तीन वर्षं लागतंच. पण रोज तांब्याभर ओतलं की मुळं वरच्या थरातच घुटमळतात. त्यापेक्षा चार-पाच दिवसांनी, पण खोलवर मुरेल असं द्या. पानं मलूल झाली तरी आधी मातीत बोट घाला. आत ओल असेल तर रोप तहानलेलं नाही, बहुधा मुळं गुदमरली आहेत. अशा वेळी पाणी थांबवा.

पानं कुरतडलेली दिसली की फवारणीचा पंप काढायची घाई नको. रुईवरची काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी म्हणजे बहुधा उद्याचं प्लेन टायगर फुलपाखरू. रोप अगदीच लहान असेल तर अळ्या हलक्या हाताने मोठ्या रुईवर नेऊन सोडा. रुईच्या कुळाबाहेरच्या झाडावर सोडल्यात तर उपाशी मरतील.