ताडोब्यात वाघ दिसला, पण फोटो फसला? या चुका टाळा

मे महिन्यात ताडोब्याहून परतलेल्या मित्रांची तक्रार ठरलेली असते: वाघ इतका जवळ होता, तरी फोटो धूसर आला, लेन्समध्ये काही बिघाड असेल का? लेन्सला दोष देण्याआधी फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करा. धूसरपणा नेमका कुठे आहे, यावरून चूक कोणती ते कळतं.

वाघ आणि मागचा साग दोघेही एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसत असतील तर जिप्सी हलली. मागच्या सीटवरचं कुणी उभं राहिलं तरी गाडी डुलते. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा आणि लेन्स गाडीच्या दांड्यावर बीनबॅग ठेवून टेकवा. बीनबॅग विकतच घ्यायला हवी असं नाही. जाड कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ भरून तोंड शिवलं की काम भागतं. ट्रायपॉड घरी ठेवा, भरलेल्या जिप्सीत त्याचे पाय पसरायला जागाच नसते.

साग लख्ख आणि वाघाचे पंजे तेवढे पुसट, म्हणजे शटर संथ होतं. चालत्या वाघाला 1/800 सेकंद आणि धावत्याला 1/2000 सेकंद धरून चला. पहाटे बांबूच्या सावलीत एवढा उजेड नसतो, तरी लोक फोटोत दाणे (खरखरीत ठिपके) येतील या भीतीने आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, 400 च्या पुढे नेत नाहीत. खुशाल 3200 ला न्या. दाणे नंतर बरेच कमी करता येतात, हललेला वाघ मात्र हललेलाच राहतो.

समोरची गवताची काडी टोकदार आणि वाघ धूसर असेल तर फोकस काडीने खाल्ला. एकच फोकस बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवा. नव्या कॅमेऱ्यांतली प्राण्यांचा डोळा ओळखणारी सोय उत्तम आहे, पण बांबू आडवा आला की तीही चकते.

आणि सगळंच चित्र पाण्याखाली असल्यासारखं विरघळलेलं दिसत असेल तर दोष तापलेल्या हवेचा. उन्हं चढल्यावर दूरच्या वाघाचा फोटो कितीही महागड्या लेन्सने काढला तरी असाच येतो. यावर कुठलंही सेटिंग नाही. तो जवळ येईपर्यंत थांबा, नाहीतर वाघ लहान ठेवून भोवतालचं जंगल घ्या.

गव्याची गोष्ट वेगळी. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं असल्याचं धरून चालतो. काळ्याभोर गव्याने फ्रेम भरली की तो उजेड वाढवतो, मग गवा राखेत लोळलेल्या म्हशीसारखा दिसतो आणि त्याचे पांढरे पायमोजे जळून जातात, म्हणजे तपशील जाऊन नुसते पांढरे डाग उरतात. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-अधिक करायची सोय) उणे 0.7 ते उणे 1 करा. अस्वलालाही तेच. मात्र गवा लहान आणि भोवती उन्हातलं पिवळं गवत असेल तर उलट अधिककडे जावं लागतं, नाहीतर फक्त काळा ठिपका उरतो. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

धुळीत लेन्स बदलू नका, एवढं सांगून पुढे जातो.

पाणवठ्यावर वाघ दिसला रे दिसला की शटर दाबत सुटणारे लोक नेमक्या क्षणी अडकतात, कारण तोवर कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे फोटो कार्डावर जाण्याआधी साठवणारी तात्पुरती मेमरी, भरलेला असतो. उन्हाळ्यात वाघ पुष्कळदा पाठीमागून पाण्यात उतरतो आणि तोंड बाहेरच्या बाजूला ठेवून बसतो. ती घडी येईपर्यंत बोट आवरा.

वाघ रस्त्याने समोरून येत असेल, म्हणजे गाइडच्या भाषेत ‘हेड-ऑन’, तर वाट अडवू नका. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी एफ-2 वाघीण आणि तिच्या बछड्यांची कोंडी केली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. अशा कोंडीत काढलेला फोटो चांगलाही येत नाही: मागे पडलेले कान, कडेला गाड्यांचे बोनेट. ड्रायव्हरला जिप्सी वेळीच मागे घ्यायला सांगा. वाघ चालत राहतो, आणि एरवी हमखास कापली जाणारी शेपूटही फ्रेममध्ये मावते.